दप्तराची दुसरी प्रत



२६ जुलै २००५ चा मंगळवार आम्हा मुंबईकरांच्या पक्का ध्यानात आहे. त्या दिवशी आणि त्या रात्री मिळून सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. आमच्या कांदिवलीतून पोयसर नावाची नदी वाहते. राष्ट्रीय उद्यानातल्या डोंगरात ती उगम पावते आणि पश्चिमेला खाडीला जाऊन मिळते. एरवी तिला कोणी नदी म्हणत नाही, नालाच म्हणतात. त्या दिवशी मात्र तिने आपले नाव सिद्ध केले.

त्या वेळी मी नदीपासून थोड्याच अंतरावरच्या एका शाळेत शिक्षक होतो. शाळेचे कार्यालय तळमजल्यावर. पाणी ओसरल्यावर आम्ही कसेबसे पोचलो, तेव्हा आमचे शिपाईमामा दारातच उभे होते. म्हणाले, "सर, पाणी उतरलं, पण दप्तर काही राहिलं नाही." आत जाऊन पाहतो तो भिंतीवर कमरेइतक्या उंचीवर चिखलाची रेघ, आणि त्या रेघेच्या खाली जे जे होते ते सारे भिजून गेलेले.

प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर नावाची एक जाड वही असते. मुलाचे नाव, जन्मतारीख, जात, आधीची शाळा हे सारे तिच्यात लिहिलेले असते. शाळा सोडल्याचा दाखला तिच्यावरून निघतो, आणि पुढे आयुष्यभर माणूस त्या दाखल्याच्या आधाराने चालतो. ही वही आम्ही वाचवली. पाने एकेक सुटी केली, मध्ये वर्तमानपत्राचे कागद घातले, आणि आठ दिवस पंख्याखाली वाळवली. दहावी पास झालेल्या एका मुलीला अकरावीच्या प्रवेशासाठी दाखला हवा होता. ती रोज वडिलांना घेऊन यायची आणि वाळत घातलेल्या पानांकडे बघून परत जायची. तिचे पान सुटले, अक्षरे वाचता आली, आणि तिचे काम झाले.

संगणकांचे मात्र तसे झाले नाही. कार्यालयात तीन संगणक होते आणि तिन्हींचे डबे टेबलाखाली जमिनीवर ठेवलेले. मुलांचे गुण, फीचा हिशेब, शिक्षकांचे पगारपत्रक सारे त्यांच्यात. आता तुम्ही विचाराल, "अहो, पण दुसरी प्रत नव्हती का?" होती ना! आमचे भाऊसाहेब फार व्यवस्थित माणूस. दर महिन्याला ते इमानाने सीडी काढून ठेवत. पण त्या सगळ्या सीड्या त्याच खोलीत, त्याच कपाटाच्या खालच्या खणात होत्या. मूळ बुडाले आणि शेजारी नक्कलही बुडाली. धुऊन पुसून बारांतल्या चार सीड्या चालल्या, आणि त्यांतली सगळ्यांत अलीकडची होती जानेवारीची. फेब्रुवारीपासून जुलैपर्यंतचे सारे काम शिक्षकांच्या घरच्या टिपणवह्या गोळा करून आम्हाला नव्याने लिहावे लागले.

प्रत काढणे निराळे आणि प्रत वाचणे निराळे, हे त्या दिवशी आम्ही शिकलो. तेच आज तुमच्यापुढे मांडायचे आहे.

हा प्रश्न आता मुंबईचा राहिलेला नाही. तुमच्या गावच्या शाळेत संगणक आहे, ग्रामपंचायतीत आहे, दूध संस्थेत आहे. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांचे, म्हणजे आपल्या गावोगावच्या विकास सोसायट्यांसारख्या संस्थांचे, काम संगणकावर आणण्याची योजना मंजूर केली. पीककर्जाचे खाते, दुधाचा दर पंधरवड्याचा हिशेब, मुलाचे गुणपत्रक ही आता यंत्रातली अक्षरे झाली आहेत. कागद वाळवता येतो. यंत्रातली तबकडी एकदा बिघडली की घरच्या घरी काही करता येत नाही. आणि बिघाडाला महापूरच यावा लागतो असे नाही. वीज एकदम जाते, उंदीर वायर कुरतडतो, चोर यंत्र उचलून नेतो, किंवा एखाद्याचे बोट चुकीच्या कळीवर पडते. बहुतेक दप्तरे अशाच साध्या कारणांनी जातात.

एका संगणकाची प्रत काढणे सोपे आहे. एक पेनड्राइव्ह लावला, फाइल त्यावर उतरवली, झाले. खरी अडचण जिथे चार, दहा किंवा वीस संगणक असतात तिथे येते. मुख्याध्यापक म्हणतात, प्रत्येकाने आपापली प्रत काढावी. पहिल्या आठवड्यात सगळे काढतात. दुसऱ्या आठवड्यात निम्मे. महिन्याभराने एकच जण काढतो, आणि नेमके त्याचे यंत्र कधी बिघडत नाही! यात कोणाचा आळस काढण्यात अर्थ नाही. रोज न चुकता करायचे काम माणसाच्या आठवणीवर सोडले की ते चुकणारच. म्हणून ते काम यंत्रावर सोपवावे. यालाच कचेऱ्यांतून बॅकअप म्हणतात, आणि तो एका जाळ्यातून, म्हणजे नेटवर्कमधून, सगळ्या संगणकांचा एकदम घेता येतो.

तो कसा घेतात, ते आता पाहू.

दूध गोळा करायची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. प्रत्येक शेतकरी आपली कासंडी घेऊन तालुक्याला जात नाही. गावात दूध एका जागी जमते, ठरल्या वेळी संघाची गाडी येते आणि गावोगावचे दूध घेऊन जाते. कोणत्या गावचे आले, कोणत्या गावचे आले नाही, याची नोंद गाडीवाल्याकडे असते. बॅकअपची मांडणी अगदी अशीच आहे. सगळे संगणक वायरीने किंवा वायफायने एकमेकांना जोडलेले असतात. त्यांतले एक यंत्र कोठाराचे. त्याच्यावर कोणी टंकलेखन करीत नाही, त्याच्यावर कोणी चित्रपट पाहत नाही. त्याचे काम एकच: ठरल्या वेळी एकेका संगणकाच्या दाराशी जायचे, आजचे जे नवे असेल ते घ्यायचे, आणि आपल्या मोठ्या हार्ड डिस्कवर त्या त्या यंत्राच्या नावाखाली मांडून ठेवायचे.

एखादा संगणक बंद सापडला तर कोठार त्याची नोंद करते आणि पुन्हा प्रयत्न करते. तीन दिवस भेटला नाही तर जबाबदार माणसाला तसे कळवते. ही कळवण्याची सोय फार महत्त्वाची आहे. हाताने काढलेली प्रत राहून गेली तर कोणाला पत्ता लागत नाही.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच 'अमांडा' नावाची प्रणाली तयार झाली. विद्यापीठातल्या अनेक संगणकांतला मजकूर रात्री एका यंत्राने गोळा करून चुंबकी फितीवर उतरवायचा, हे तिचे काम. पुढे २००१ मध्ये 'बॅकअप-पीसी' ही प्रणाली आली. या दोन्ही प्रणाली मोफत मिळतात. विंडोज वापरणाऱ्यांना तर 'फाइल हिस्टरी' नावाची सोय यंत्रातच सापडेल. तिला जाळ्यातल्या दुसऱ्या यंत्राची जागा दाखवून दिली की ती आपल्या फाइलींची प्रत तिकडे पाठवू लागते.

आता कोणी विचारील, "रोज सगळ्या संगणकांतले सगळे उतरवायचे म्हणजे रात्र पुरेल का?" विचारायलाच हवे. आपण हिशेब करू. आमच्या शाळेत आज कार्यालयात ४ आणि प्रयोगशाळेत २०, मिळून २४ संगणक आहेत. प्रत्येकात जपण्याजोगा मजकूर २० जीबी धरू. एकूण झाले ४८० जीबी. साध्या जुन्या जाळ्यातून सेकंदाला साधारण १० एमबी मजकूर वाहतो. म्हणजे ४८,००० सेकंद, अर्थात तेरा तासांहून थोडे अधिक. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर काम लावले तर रविवारी पहाटे संपेल. नव्या, दहापट वेगाच्या जाळ्यात हेच काम दीड तासाच्या आत होते. पण हे एकदाच. दुसऱ्या दिवसापासून फक्त जे बदलले तेवढेच उचलायचे. दिवसभरात एका यंत्रात सरासरी १५० एमबी बदलले असे धरले, तर २४ यंत्रांचे ३,६०० एमबी. जुन्या जाळ्यातसुद्धा सहा मिनिटांचे काम!

'बदलले तेवढेच' ही गोष्ट शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. सातबारा आणि फेरफार यांतला फरक त्याला पाठ असतो. सातबाऱ्यावर जमिनीची सगळी स्थिती असते. खरेदी झाली, वारस लागला, बोजा चढला की फेरफाराच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, तेवढाच बदल क्रमांक घालून लिहिला जातो. पहिला पूर्ण बॅकअप म्हणजे सातबारा, आणि त्यानंतरचे रोजचे छोटे बॅकअप म्हणजे फेरफार. पण यात एक गोम आहे. मधलाच एक फेरफार गहाळ झाला तर पुढचा हिशेब जुळत नाही, हे तुम्ही कधीतरी अनुभवले असेल. बॅकअपचेही तसेच आहे. म्हणून ठरावीक दिवसांनी पुन्हा एक पूर्ण प्रत घ्यावी, म्हणजे साखळी लांबत जात नाही.

आता काय बदलले हे यंत्राला कळते कसे? ऑस्ट्रेलियातले अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस या दोघांनी १९९६ मध्ये यासाठी 'आरसिंक' नावाची युक्ती पुढे आणली. समजा, सोसायटीची एकच खतावणी दोन गावांत दोन सचिवांकडे आहे. दोन्ही जुळतात का ते दूरध्वनीवरून पाहायचे आहे. एक मूर्ख उपाय म्हणजे पहिल्या पानापासून सगळे आकडे वाचून दाखवणे. शहाणा सचिव काय करील? तो फक्त प्रत्येक पानाच्या तळची बेरीज सांगेल. "पान एक, अमुक बेरीज." "जुळली." "पान दोन." "जुळली." ज्या पानाची बेरीज जुळणार नाही तेवढेच पान तो वाचून दाखवील. आरसिंक हेच करते. फाइलचे छोटे तुकडे पाडते, प्रत्येक तुकड्याची एक झटपट बेरीज आणि एक पक्की बेरीज अशा दोन बेरजा मांडते, आणि जो तुकडा जुळत नाही तेवढाच जाळ्यातून पाठवते. ज्या गावात इंटरनेट मंद आहे तिथे ही युक्ती लाखमोलाची.

आणखी एक काटकसर सांगतो. आमच्या प्रयोगशाळेतल्या वीसही संगणकांत विज्ञानाचे तेच पाठ्यपुस्तक उतरवलेले आहे. समजा ते ५० एमबीचे आहे. वीस यंत्रांचे झाले १,००० एमबी. बॅकअप-पीसीसारखी प्रणाली ओळखते की या वीस फाइली एकच आहेत. ती कोठारात एकच प्रत ठेवते आणि वीस ठिकाणी फक्त 'ती तिथे आहे' अशी खूण करते. यंत्रे वाढली तरी कोठार त्या प्रमाणात फुगत नाही, ते यामुळेच.

इथवर सोय झाली. आता धोक्याकडे वळू.

बरेच जण म्हणतात, "आमच्याकडे दोन यंत्रे जोडलेली आहेत. एकात लिहिले की लगेच दुसऱ्यात उमटते. मग बॅकअप कशाला?" आरशात आपले रूप दिसते, पण आपण चेहऱ्याला काळे फासले तर आरशातले तोंडही त्याच क्षणी काळे होते. एकात चुकून फाइल पुसली की दुसऱ्यातलीही पुसली जाते.

याचे फार मोठे उदाहरण आपल्या दाराशीच घडले. २७ जून २०१७ रोजी युक्रेन देशातल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून 'नॉटपेट्या' नावाचा दुष्ट प्रोग्रॅम जगभर पसरला. मर्स्क ही डेन्मार्कची जहाजकंपनी त्यात सापडली. उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात या कंपनीच्या समूहाचे जे टर्मिनल आहे, तिथले कामकाज ठप्प झाले. कंपनीच्या जाळ्याचे मुनीम म्हणावीत अशी सुमारे दीडशे यंत्रे जगभर होती. कोणाला आत घ्यायचे, कोणाला कशाची परवानगी, ही यादी त्यांच्यात असे, आणि ती एकमेकांना सतत तीच यादी देत असत. एक बुडाले तर बाकीचे आहेत, असा हिशेब होता. पण त्या दिवशी ती सगळी एकदमच पुसली गेली!

शोधता शोधता एक यंत्र सापडले, आफ्रिकेतल्या घाना देशात. तिथे नेमकी त्या वेळी वीज गेली होती, म्हणून ते जाळ्यापासून तुटलेले होते, आणि म्हणूनच वाचले. त्याची तबकडी माणसाच्या हाती देऊन इंग्लंडला पोचवावी लागली. घानातल्या कर्मचाऱ्याजवळ तिकडे जायचा परवाना नव्हता, म्हणून नायजेरियाच्या विमानतळावर दुसऱ्या माणसाच्या हवाली करून ती पुढे गेली. त्या आधारावर कंपनीने ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे केले, असे तिच्या अध्यक्षांनी पुढे सांगितले. आपण विजेच्या भारनियमनाला किती शिव्या दिल्या असतील! पण जगातल्या एका बलाढ्य कंपनीची लाज त्या दिवशी वीज गेल्यामुळे राहिली.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, कोठारातली एक तरी प्रत जाळ्यापासून तुटलेली असावी, म्हणजे डिस्क काढून कपाटात ठेवलेली. दोन, कोठाराने संगणकांकडे जावे, संगणकांना कोठाराची किल्ली देऊ नये. दुधाची गाडी गावात येते, पण गावकऱ्याला संघाच्या टाकीचे झाकण उघडता येत नाही, तसे. मग एखाद्या यंत्रात व्हायरस शिरला तरी त्याला कोठारात हात घालता येणार नाही.

तरीही बिघडलेल्या यंत्रातली बिघडलेली फाइल कोठारात येईलच की! म्हणून कालची प्रत आजच्या प्रतीने पुसू नये. जुन्या प्रतीही ठेवाव्यात. याची एक जुनी रीत आहे. तिला आजा-बाप-लेक म्हणू. रोजची प्रत हा लेक; अशा सात ठेवायच्या. आठवड्याची प्रत हा बाप, अशा चार. महिन्याची प्रत हा आजा; अशा बारा. एकूण २३ प्रती झाल्या, आणि वर्षापूर्वीची स्थितीही हाताशी राहिली. फेब्रुवारीत चुकलेला गुण एप्रिलच्या निकालात उघडकीस येतो. त्या वेळी कालची प्रत पाहून काय उपयोग? तिच्यातही तीच चूक असणार. तिथे आजाच कामाला येतो.

प्रती किती आणि कुठे ठेवाव्यात, यासाठी जगभर एक सोपा नियम सांगतात: तीन, दोन, एक. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने तो रूढ केला. मूळ धरून तीन प्रती. त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर. आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी, शक्य तर दुसऱ्या गावी. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. पाच माणसे गेली, आणि वरच्या मजल्यांवरच्या असंख्य फायली जळाल्या. फायली पुन्हा उभ्या करताना ज्यांच्या प्रती इतरत्र होत्या, त्यांचाच आधार झाला.

खरे पाहता हा नियम आपल्याला नवा वाटू नये. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या, ही कथा देहूपासून आपल्या माजघरापर्यंत सर्वांना ठाऊक आहे. वह्या तेराव्या दिवशी वर आल्या अशी श्रद्धा आहे. तिच्याबरोबरच परंपरा असेही सांगते की, अभंग गावोगाव लोकांच्या मुखी होते, आणि संताजी जगनाड्यांसारख्या टाळकऱ्याने ते लिहूनही ठेवले होते. एका घरातली वही बुडवता येते. पण जे अनेकांच्या कंठात आणि दुसऱ्या गावच्या वहीत आहे, ते कोण बुडवणार?

आता सगळ्यांत मोठी चूक सांगतो. ही चूक शहाणी माणसे करतात. बॅकअप लावतात, दिवा हिरवा दिसतो, समाधान मानतात, आणि प्रत उघडून कधीच पाहत नाहीत. अमेरिकेत पिक्सार नावाची चित्रपटसंस्था आहे. १९९८ मध्ये तिथे 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचे काम चालू असताना कोणाच्या तरी एका आज्ञेने बहुतेक चित्रपट यंत्रातून पुसला गेला. हरकत नाही, बॅकअप आहे, असे सगळे म्हणाले. उघडून पाहतात तो बॅकअप नीट झालेलाच नाही! चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या बाईंमुळे. त्या नुकत्याच बाळंत झाल्या होत्या आणि घरी राहून काम करीत होत्या, म्हणून घरच्या संगणकात एक प्रत होती. तो संगणक घोंगड्यांत गुंडाळून, तान्ह्या मुलासारखा जपत, मोटारीतून आणला म्हणतात.

आपल्याकडे अशी बाई नेमकी वेळेवर सापडेलच असे नाही. म्हणून आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी एक रीत घालून दिली आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्या एका शिक्षकाला बोलावतात आणि म्हणतात, "गेल्या महिन्यातली तुमची अमुक फाइल मला कोठारातून काढून दाखवा." फाइल उघडली, आकडे जुळले, तर रजिस्टरात तारीख घालून सही होते. नाही उघडली, तर त्याच दिवशी दुरुस्तीला माणूस येतो. पाच मिनिटांचे काम आहे. धान्याच्या कोठीत वरून हात घालून चालत नाही, खालचे दाणे काढून किडा लागला का ते पाहावे लागते, तेच इथे.

बाकीची आमची व्यवस्थाही सांगून टाकतो, म्हणजे कल्पना येईल. कोठाराचे यंत्र दुसऱ्या मजल्यावर, ग्रंथालयाच्या खोलीत. वीज गेली तरी सावकाश बंद व्हायला अवधी मिळावा म्हणून त्याला बॅटरीचा यूपीएस. सुट्या डिस्का दोन. एक शाळेत, एक ठाण्याला आमच्या संस्थेच्या दुसऱ्या शाळेत, डोंगराच्या पलीकडे. दर शनिवारी त्यांची अदलाबदल होते. पोयसरला पुन्हा पूर आला तर तो ठाण्याच्या कपाटापर्यंत पोचायचा नाही. शिपाईमामा आता निवृत्त झाले, मीही झालो, पण रीत चालू आहे. माणूस बदलला तरी चालू राहते तीच व्यवस्था खरी.

एक सावधगिरी मात्र हवी. दप्तराची प्रत बाहेर जाते म्हणजे मुलांची जन्मतारीख, जात, आईवडिलांचा दूरध्वनी हे सारे बाहेर जाते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी आपल्याकडे २०२३ मध्ये कायदा झाला आहे, आणि कायदा नसता तरी ते आपले कर्तव्यच आहे. म्हणून बाहेर जाणारी डिस्क सांकेतिक कुलूप लावूनच पाठवावी. त्या कुलपाचा परवलीचा शब्द एकाच माणसाच्या डोक्यात ठेवू नये. तो कागदावर लिहून, पाकिटात घालून, लाख लावून तिजोरीत ठेवावा. नाहीतर माणूस बदलीवर जातो आणि प्रत हाताशी असून उघडत नाही!

आता ज्यांच्याकडे जाळे नाही, कोठार नाही, दोनच संगणक आहेत, अशा द्विशिक्षकी शाळेने किंवा छोट्या सोसायटीने काय करावे? त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन सुट्या हार्ड डिस्का घ्या. एकीवर लाल चिठ्ठी, दुसरीवर हिरवी. या आठवड्यात लाल, पुढच्या आठवड्यात हिरवी. जिचे काम झाले ती इमारतीबाहेर, दुसऱ्या पक्क्या घरात ठेवा. शाळेची ग्रामपंचायतीत ठेवावी, सोसायटीची शाळेत ठेवावी, पाकीट मोहोरबंद करून. कोणत्या वारी कोणी हे करायचे ते भिंतीवर लिहून ठेवा. संगणकाचे डबे जमिनीवर ठेवू नका, निदान दोन विटांवर तरी चढवा. आणि महिन्यातून एकदा प्रत उघडून पाहा. एवढे केलेत तरी पुष्कळ झाले.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. हा विषय मुलांना वर्गात सांगा. सातबारा आणि फेरफाराचे उदाहरण घ्या, पानाच्या बेरजेचा खेळ दोन गटांत लावून दाखवा. मुले हसतखेळत शिकतील, आणि पुढे कुठल्याही कचेरीत बसली तरी दप्तर जपतील.

ती दाखल्यासाठी रोज येणारी मुलगी मला अजून आठवते. तिच्या पानावरची अक्षरे टिकली नसती, तर तिला काय उत्तर देणार होतो? 'पूर आला' हे कारण खरे होते, पण तिच्या ते काय कामाचे? तुमच्या कपाटातही अशी शेकडो मुले, अशी शेकडो खाती आहेत. उद्या सकाळी शाळेत किंवा सोसायटीत गेलात की एवढेच विचारा: आपल्या दप्तराची दुसरी प्रत कुठे आहे, आणि ती शेवटची कोणी उघडून पाहिली?

एवढे सांगून आपली रजा घेतो. नमस्कार.